दुखवटा आणि आखाडा

देशावर मोठा घाला पडतो, एका रात्रीत शेकडो माणसे जातात, आणि दुसऱ्या दिवशी ठरलेला खेळाचा सामना ठरल्या वेळी होतो. अशी बातमी आली की लोकांत दोन तट पडतात. एक म्हणतो, "काय ही माणसं! तिकडे चिता पेटल्यात आणि इकडे टाळ्या पिटतात." दुसरा म्हणतो, "अहो, जग कधी थांबलंय का? बसून राहिल्यानं गेलेला परत येतो होय?" दोघेही तावातावाने बोलतात आणि दोघांच्याही बोलण्यात थोडे थोडे खरे असते. म्हणूनच हा वाद मिटत नाही.

हा प्रश्न शहरातल्या मोठ्या मैदानांचा आहे, आपला नाही, असे कोणी समजू नये. आपल्या गावोगावच्या यात्रेत कुस्त्यांचे फड भरतात. आपल्या वाचकांपैकी कित्येक जण यात्रेच्या पंचमंडळात आहेत. फड भरायच्या दिवशी सकाळीच कोठून तरी वाईट वार्ता आली, तर हाच प्रश्न पारावर येऊन बसेल आणि लोक आपल्याच तोंडाकडे बघतील. त्या वेळी घाईने काहीतरी बोलण्यापेक्षा आज शांतपणे विचार करून ठेवलेला बरा.

आरंभीच एक गोष्ट सांगून टाकू. खेळ ही हलकी वस्तू आहे, ती केव्हाही बंद झाली तर बरेच, असे मानणारे काही लोक असतात. त्यांना हा प्रश्न पडतच नाही. पण वारकऱ्याला तसे म्हणता येणार नाही. पालखीच्या वाटेवर आपण फुगड्या घालतो, हुतुतू खेळतो, रिंगणात अश्व धावताना पाहून आपले डोळे भरून येतात. पांढऱ्या मिशांचा म्हातारा दिंडीत पोरासारखा उड्या मारतो आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. तेव्हा खेळ वाईट म्हणून थांबवा, हे उत्तर आपल्या उपयोगाचे नाही. खेळ चांगला आहे, म्हणूनच तो केव्हा थांबवावा हे ठरवणे अवघड आहे.

आता उत्तर शोधायला लांब जायला नको. आपल्या गावची रीत पाहू. गावात मयत झाली की प्रेत उचलेपर्यंत शेजारच्या घरी चूल पेटत नाही. लग्नाचे वाजंत्री त्या आळीतून जायचे असेल तर आळी ओलांडेपर्यंत वाजवणे बंद करतात. कुस्त्यांचा फड असेल तर हलगी गप्प होते. हे कोणी कायद्याने सांगितलेले नाही. पुढे मातीला जाऊन आल्यावर शेजारीपाजारी पिठले-भाकरी करून त्या घरी नेतात आणि आग्रहाने दोन घास खायला लावतात. दुसऱ्या दिवशी गाव आपल्या कामाला लागते. गुरे दोहावी लागतात, पाण्याची पाळी चुकवता येत नाही. मात्र ज्याच्या घरचे माणूस गेले तो दहा-तेरा दिवस बसून असतो, आणि त्याला कोणी "ऊठ" म्हणत नाही.

मग तेरावा येतो. त्या दिवशी गोडाचे जेवण होते. व्याही, सोयरे, भाऊबंद येतात, दुखवट्याचे कापड आणतात, घरच्या कर्त्या पुरुषाच्या डोक्याला टोपी नाहीतर पागोटे घालतात, आणि त्याला हाताला धरून बाहेर काढतात. "चला, आता कामाला लागा." रीत गावोगाव थोडी वेगळी असेल, पण तिचे मर्म एकच आहे.

येथे कोणी म्हणेल, "वारकऱ्याला सोयरसुतक कशाला सांगता?" आम्ही विटाळाची गोष्ट करीत नाही. विटाळ बाजूला ठेवा आणि त्या रिवाजात माणुसकी किती आहे ते पहा. त्यात तीन गोष्टी आहेत. एक, प्रेत दारात असेपर्यंत सर्वांनी थांबायचे. यात आपला-परका नाही. दोन, दुःखाला शेवट आहे. जन्मभर कोणी बसून राहायचे नाही. तीन, आणि ही सर्वांत मोठी, दुखवटा ज्याचा त्याने आपण होऊन सोडायचा नसतो, आणि ज्याला घाई झाली आहे अशा तिऱ्हाइताने तर मुळीच सोडवायचा नसतो. सोयऱ्याने येऊन, दुःख करणाऱ्याचे मन पाहून, त्याच्या संमतीने तो सोडवायचा असतो.

खेळ व्हावा की न होवो, या वादात लोक पहिल्या गोष्टीवर आणि दुसऱ्या गोष्टीवर भांडतात. तिसरीकडे कोणी पाहत नाही. आमच्या मते सगळे उत्तर त्या तिसरीत आहे. हे नुसते म्हणून चालणार नाही. घडलेल्या गोष्टींवर घासून पाहिले पाहिजे.

पहिली गोष्ट अमेरिकेची. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी, शुक्रवारी, डॅलस शहरात अध्यक्ष केनेडी यांची गोळ्या घालून हत्या झाली. दोन दिवसांनी, रविवारी, त्यांच्याकडच्या पद्धतीच्या फुटबॉलचे सामने ठरलेले होते. नॅशनल फुटबॉल लीग या मोठ्या संघटनेचे प्रमुख होते पीट रोझेल. त्यांनी केनेडींचे वृत्तसचिव पिअर सॅलिंजर यांना विचारले. दोघे कॉलेजातले सोबती होते. सॅलिंजर यांनी खेळा म्हणून सांगितले आणि रविवारचे सामने झाले. त्याच वेळी दुसरी एक लहान संघटना होती, अमेरिकन फुटबॉल लीग; तिने आपले सामने पुढे ढकलले. केनेडी यांचा दफनविधी सोमवारी झाला. म्हणजे रविवारी मैदानात चेंडू उडत होता तेव्हा अध्यक्षांचा देह राजधानीतच होता. पुढे रोझेल यांनी स्वतःच, तो निर्णय घ्यायला नको होता, असे अनेकदा बोलून दाखवले.

रोझेल दुष्ट नव्हते. त्यांनी विचारले, तेही केनेडींच्या जवळच्या माणसाला विचारले. पण प्रेत दारात होते. तेवढी एक साधी गोष्ट आपल्याकडचा हलगीवाला जाणतो. ती त्या मोठ्या माणसाच्या ध्यानात त्या दोन दिवसांच्या गडबडीत आली नाही.

याच कथेचा दुसरा भाग फार थोड्यांना ठाऊक असतो. अमेरिकेच्या लष्कराचे आणि नौदलाचे विद्यार्थी दरवर्षी आपसांत एक सामना खेळतात. त्या वर्षी तो ३० नोव्हेंबरला व्हायचा होता. तो रद्दच करावा असा विचार चालला होता. पण केनेडींच्या घरच्यांनी तो व्हावा अशी इच्छा कळवली. केनेडी स्वतः महायुद्धात नौदलात होते आणि या सामन्याचे त्यांना वेड होते. एक आठवडा पुढे ढकलून तो सामना ७ डिसेंबरला फिलाडेल्फिया येथे झाला. पुढच्या वर्षी, १९६४ मध्ये, त्या मैदानाला केनेडींचे नाव दिले गेले.

देश तोच, मयत तीच, खेळही तोच. रविवारच्या सामन्याचा ज्याने तो ठरवला त्यालाच पस्तावा झाला. दोन आठवड्यांनंतरच्या सामन्याबद्दल कोणी बोट दाखवले नाही. फरक कशात आहे? मधे दिवस गेले हे खरे. पण त्याहून मोठा फरक हा की दुसऱ्या वेळी घरातून शब्द आला. "खेळा, त्यांना आवडलं असतं," हे वाक्य विधवेच्या घरातून आले तर तो दुखवटा सोडवणे होते. तेच वाक्य तिकिटे विकणाराने म्हटले तर ती सबब होते. शब्द तेच, पण तोंड कोणाचे यावर त्यांचे मोल ठरते.

दुसरी गोष्ट याहून कठीण आहे. १९७२ मध्ये पश्चिम जर्मनीत म्युनिक येथे ऑलिंपिक सामने चालले होते. ५ सप्टेंबरच्या पहाटे आठ हत्यारबंद लोक खेळाडूंच्या वसाहतीत शिरले. इस्रायलच्या चमूतल्या दोघांना त्यांनी तिथेच मारले आणि नऊ जणांना ओलीस धरले. रात्री विमानतळावर सुटकेचा प्रयत्न फसला आणि ते नऊही गेले; एक जर्मन पोलीसही गेला. मेलेल्या अकरा जणांत कुस्तीचे मल्ल होते, त्यांचे वस्ताद होते, कुस्तीचे पंच होते, वजने उचलणारे होते. आपल्या कोणत्याही तालमीत शोभली असती अशी माणसे.

हल्ला झाल्याचे कळल्यावरही त्या दिवशी दुपारपर्यंत काही सामने चालूच राहिले. मग खेळ थांबवले. ६ तारखेला मुख्य मैदानात शोकसभा भरली. ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष एव्हरी ब्रंडेज यांनी तिथे जाहीर केले की खेळ पुढे चाललेच पाहिजेत. सुमारे ३४ तास थांबून खेळ पुन्हा सुरू झाले आणि एक दिवस उशिरा, ११ सप्टेंबरला, संपले. इस्रायलचे उरलेले खेळाडू घरी निघून गेले. दुसऱ्या देशांचेही काही खेळाडू आपण होऊन परतले.

येथे आमच्या कसोटीवर शंका येईल. खेळ चालू ठेवण्यास इस्रायल सरकारची संमती होती. म्हणजे घरातून शब्द आला होता. हिंसा करणाराने जगाचा मेळा उधळावा आणि आपण तो उधळू द्यावा, हे त्यांनाही नको होते. या म्हणण्यात धैर्य आहे. त्याला नावे ठेवण्याचा आम्हांला अधिकार नाही. मग म्युनिकचे नाव काढले की अजून मन का खट्टू होते?

कारण शोकसभेत जे बोलले गेले ते. ब्रंडेज यांनी त्या भाषणात मेलेल्या माणसांविषयी फारच थोडे सांगितले. त्याच दिवसांत ऱ्होडेशियाच्या संघाला खेळू द्यावे की नाही असा तंटा झाला होता. त्या तंट्याला आणि या हत्याकांडाला त्यांनी एका ओळीत बसवले. मर्तिकाला आलेल्या पाहुण्याने ओसरीवर बसून बांधाच्या भांडणाचा विषय काढावा, तसे हे झाले. दुसरे कारण त्याहून मोठे आहे. मेलेल्यांच्या घरच्यांनी पुढे वर्षानुवर्षे एवढेच मागितले, की ऑलिंपिकच्या आरंभाच्या सोहळ्यात आमच्या माणसांसाठी मिनिटभर सगळ्यांनी उभे राहावे. ते मिळाले टोकियोला, २३ जुलै २०२१ रोजी. ४९ वर्षांनी. ज्या बायका तरुणपणी विधवा झाल्या होत्या त्या म्हाताऱ्या होऊन ते पाहायला आल्या.

विचार करा. खेळ किती तास थांबला यावर जगाने वाद घातला. घरच्यांचे मागणे तासांचे नव्हतेच. "आमचा माणूस तुमच्या अंगणात मेला, त्याचं नाव घ्या," एवढे त्यांचे म्हणणे होते. थांबणे एका दिवसाचे असते. आठवण ठेवणे दरवर्षीचे असते. ज्याला दरवर्षीचे करायचे नसते तो एक दिवस जोराने रडून घेतो. श्राद्ध न करणाराने तेराव्याला पाचशे पाने उठवावीत, त्यातला हा प्रकार.

तिसरी गोष्ट आपल्या घरची. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर हल्ला झाला. २९ तारखेच्या सकाळपर्यंत तो चालला आणि १६६ माणसे गेली. त्या वेळी इंग्लंडचा क्रिकेट संघ भारतात होता. २६ तारखेलाच कटकला एक सामना झाला होता आणि पुढचे दोन, गुवाहाटीचा आणि दिल्लीचा, व्हायचे होते. ते रद्द झाले. इंग्लंडचे खेळाडू मायदेशी गेले. ते योग्यच होते. शहर जळत होते, पोलीस आणि जवान तिकडे गुंतले होते, मेलेल्यांची ओळख पटवण्याचे काम चालले होते. त्या घटकेला चेंडूफळीचा विचार कोणाच्या मनात आला असता?

पण पुढे काय झाले ते पाहण्याजोगे आहे. इंग्लंडचा संघ परत आला. त्यांनी यायलाच पाहिजे होते असे नाही. न आले असते तर कोणी दोष दिला नसता. अहमदाबाद आणि मुंबई इथले कसोटी सामने हलवून चेन्नई आणि मोहाली इथे ठेवले. चेन्नईचा सामना ११ डिसेंबरला सुरू झाला. हल्ला संपला तो दिवस धरून मोजले तर तो तेरावा दिवस येतो. कोणी पंचांग पाहून हे केले नव्हते; तो योगायोगच. तरीपण त्या योगायोगात अर्थ दिसतो. दुःखाच्या घरी सोयरा परत आला, भीती टाकून आला, आणि त्याच्या येण्याने यजमानाला उठणे भाग पडले. दुखवटा सोडवणे म्हणतात ते यालाच.

तो सामना पाच दिवस चालला. शेवटच्या डावात भारताला ३८७ धावा हव्या होत्या. १५ डिसेंबरला त्या पुऱ्या झाल्या आणि त्यांत मुंबईच्या सचिन तेंडुलकर यांच्या नाबाद १०३ होत्या. ते शतक त्यांनी मुंबईच्या दुःखी लोकांना वाहिले. त्या दिवशी कित्येक घरांतून डोळ्याला पदर लागला.

पण येथे मनाला एक प्रश्न विचारावा. तेंडुलकर त्या दिवशी शून्यावर बाद झाले असते तर? भारत हरला असता तर? खेळायला नको होते असे आपण म्हटले असते का? पुष्कळ जण म्हणाले असते, कारण माणसाचे मन फळ पाहून कर्माला बरे-वाईट म्हणते. हे बरोबर नव्हे. त्या सामन्याचा चांगुलपणा धावांत नव्हता. तो पाहुण्याच्या परत येण्यात होता, आणि भ्यायलेल्या देशातले हजारो लोक शेजारी शेजारी येऊन बसले यात होता. तो पहिल्या दिवशी पहिला चेंडू पडला तेव्हाच पुरा झाला. जिंकणे हा वरचा प्रसाद. प्रसाद मिळाला नाही म्हणून दर्शन फुकट गेले असे आपण म्हणतो काय?

आता दुसऱ्या पक्षाची बाजू न्यायाने मांडली पाहिजे. "थांबवा, थांबवा" म्हणणाराला बहुधा त्यातून तोशीस लागत नसते. तो प्रेक्षक असतो. त्याच्या दृष्टीने खेळ म्हणजे करमणूक. आज नाही तर उद्या. पण मल्लाच्या दृष्टीने ते काम आहे. वर्षभर दूध, तूप, बदाम यांचा खुराक उधारीवर चाललेला असतो आणि यात्रांच्या हंगामातल्या दहा-बारा फडांवर तो फिटायचा असतो. हलगीवाला, ऊसाच्या रसाचा गाडा, फुटाणे-बत्तासे विकणारी म्हातारी, यांचे पोट त्या एका दिवसावर असते. गावाने फड रद्द केला, शोक केल्याचे पुण्य घेतले, आणि मल्ल रिकाम्या हाताने परत गेला, तर शोक गावाने केला आणि उपास त्याला घडला. हा न्याय नव्हे. म्हणून ज्याला थांबवायचे असेल त्याने आधी आपल्या कनवटीला हात घालावा. ठरलेल्या इनामातले काही तरी मल्लाला द्यावे, वाटखर्ची द्यावी, हलगीवाल्याची सुपारी चुकती करावी, आणि फड रद्द न करता पुढची तारीख द्यावी. खर्च न सोसता केलेला शोक स्वस्त असतो.

दिलेल्या शब्दाचेही असेच आहे. महात्मा गांधींची हत्या ३० जानेवारी १९४८ ला झाली. देशात तेरा दिवसांचा दुखवटा पाळला गेला. १२ फेब्रुवारीला प्रयागला अस्थिविसर्जन झाले. त्याच दिवसांत, ६ ते १० फेब्रुवारीला, लाला अमरनाथ यांच्या नेतृत्वाखाली आपला क्रिकेट संघ ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे कसोटी सामना खेळत होता. घरी सुतक आणि हे हजारो कोस दूर, दुसऱ्याच्या दारी पाहुणे, आधी दिलेल्या शब्दाने बांधलेले. अशा माणसाला घरात बसलेल्याने कठोर बोलू नये. ज्याचे जळते त्याला कळते, आणि परदेशात असलेल्याचे आत किती जळते ते आपल्याला दिसत नाही.

आणखी एक अपवाद सांगितला पाहिजे, नाहीतर प्रेत दारात असेपर्यंत थांबायचे हा नियम आंधळेपणाने पाळला जाईल. २९ मे १९८५ रोजी ब्रुसेल्स शहरात हेसेल मैदानावर फुटबॉलचा अंतिम सामना होता. सुरू होण्याआधीच प्रेक्षकांत दंगा झाला, भिंत कोसळली, आणि ३९ माणसे गेली; त्यांतली बहुतेक इटलीची होती. तरीही सामना खेळवला गेला. का? तर सामना नाही असे सांगताच खवळलेले हजारो लोक एकदम बाहेर पडतील आणि आणखी माणसे मरतील, अशी अधिकाऱ्यांना भीती होती. चंद्रभागेच्या वाळवंटात आषाढीला उभा राहिलेला कोणीही वारकरी ही भीती चटकन ओळखील. गर्दी एकदम फिरली तर काय होते हे आपल्याला कोणी शिकवायला नको. मेलेल्यांच्या मानापेक्षा जिवंतांचा जीव आधी. तो सामना झाला यात पाप नव्हते. पण जिंकल्यावर ज्यांनी आनंदाने नाचून घेतले त्यांना ती रात्र पुढे गोड लागली नसेल.

आता अलीकडची गोष्ट, कारण ती टाळून पुढे जाणे म्हणजे सोयीचे तेवढेच बोलणे होईल. २२ एप्रिल २०२५ रोजी काश्मीरमध्ये पहलगाम येथे २६ जणांना मारले गेले. त्यांतले सहा महाराष्ट्राचे होते. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी हैदराबादला क्रिकेटचा ठरलेला सामना झाला. खेळाडूंनी दंडाला काळ्या फिती बांधल्या, मिनिटभर सगळे उभे राहिले, फटाके आणि नाच बंद ठेवले. एवढे केले ते बरेच केले. परंतु त्या घटकेला आपल्या महाराष्ट्रातल्या काही घरांत अग्नीसुद्धा दिलेला नव्हता. पुण्यातले अंत्यसंस्कार २४ तारखेच्या सकाळी झाले. काळी फीत बांधणाराला प्रेत दारात आहे हे ठाऊक होते, आणि तरी दिवस पुढे सरकवला गेला नाही. पुढे ९ मे रोजी सीमेवरच्या लढाईमुळे हीच स्पर्धा थांबली आणि आठवड्याभराने पुन्हा सुरू झाली. म्हणजे थांबणे अशक्य नव्हते. संकट मैदानाच्या जवळ आले तेव्हा थांबता आले. दुःख दुसऱ्याच्या दारी होते तेव्हा थांबता आले नाही. आमचे मत असे, की तो एक सामना दोन दिवस पुढे जायला हवा होता. त्याने कोणाचे काही बुडाले नसते, आणि सहा घरांना वाटले असते की गाव आपल्यासाठी थांबले.

मग खेळाचा दुःखात काहीच उपयोग नाही का? आहे, आणि फार मोठा आहे. वारकऱ्याच्या घरची अंत्ययात्रा टाळमृदंगाने निघते. नवख्याला वाटते, ही कसली वाजंत्री? टाळ तोच, मृदंग तोच, एकादशीला वाजतो तोच. पण येथे तो गेलेल्यासाठी वाजतो आणि राहिलेल्याला धरून ठेवतो. वाद्य बदलत नाही, ते कोणासाठी वाजते हे बदलते. खेळाचेही तसेच आहे. २६ डिसेंबर २००४ ला समुद्र खवळून किनाऱ्यावर आला आणि आपल्यासह कित्येक देशांत दोन लाखांहून अधिक माणसे गेली. १० जानेवारी २००५ रोजी मेलबर्न येथे आशियाचा संघ आणि इतर जगाचा संघ यांच्यात क्रिकेटचा सामना झाला. आशियाचे नेतृत्व सौरव गांगुली यांनी केले. जमलेला पैसा आपद्ग्रस्तांसाठी गेला. तो सामना दुःखाला विसरण्यासाठी नव्हता. दुःखासाठीच तो मांडला होता. अशा खेळाला सुतक लागत नाही.

नेम आणि त्याचा थाट यांतही भेद करता येतो. २०२० साली महामारी आली तेव्हा पायी वारी निघाली नाही. पादुका एस.टी.च्या गाडीतून पंढरीला गेल्या. लाखोंची वाट सुनी राहिली, पण नेम चुकला नाही. गर्दी सोडली, वारी सोडली नाही. जे आपल्या जिवाभावाच्या सोहळ्याला करता आले ते खेळाच्या मेळ्याला का करता येऊ नये? खेळायचेच असेल तर थाट सोडून खेळता येते.

शेवटी एक टोचणारी गोष्ट. आपण थांबतो ते कोणासाठी? ज्यांची नावे वर्तमानपत्रात मोठ्या अक्षरांत येतात त्यांच्यासाठी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, अनंत चतुर्दशीचे विसर्जन करून लोक नुकते निजले होते, आणि हजारो माणसे मातीखाली गेली. त्या वेळी सारा महाराष्ट्र हळहळला. ते योग्यच. पण विहीर खणताना दरड कोसळून चार मजूर मेले, कर्जापायी शेतकऱ्याने जीव दिला, तर पलीकडच्या गावची हलगीसुद्धा थांबत नाही. प्रत्येक मरणासाठी जग थांबू शकत नाही हे मान्य. म्हणूनच निदान आपल्या आळीतल्या मरणाला तरी गावाने मोठ्या मरणाइतके मानावे. राष्ट्राचा दुखवटा सरकार सांगते. शेजाऱ्याचा दुखवटा आपणच ओळखायचा असतो.

तेव्हा यात्रेच्या पंचमंडळींना आमचे सांगणे थोडक्यात असे. वाईट वार्ता आली की पहिल्याने हलगी थांबवा आणि जमलेल्या लोकांना शांतपणे, न घाबरवता, खरे ते सांगा. गर्दीला धोका असेल तर तिला हळूहळू मोकळी होऊ द्या. आपल्या गावचे, आपल्या पंचक्रोशीचे कोणी त्यात गेले आहे का याची चौकशी करा. गेले असेल तर अंत्यसंस्कार होईपर्यंत माती उकरू नका, आणि पुढची तारीख त्या घरी जाऊन, त्या घरच्या वडील माणसाला विचारून ठरवा. तो "करा" म्हणाला तर करा. तो गप्प राहिला तर त्या गप्प राहण्यालाच नकार समजा. मल्लांची आणि गरीब विक्रेत्यांची तोशीस गावाने सोसावी. फड होईल त्या दिवशी पहिली जोड लावण्यापूर्वी गेलेल्याचे नाव मोठ्याने घ्या, आणि पुढच्या वर्षीच्या यात्रेतही घ्या. त्या घरातले कोणी फडाला आले असेल तर त्याला पुढे बोलावून नारळ त्याच्या हातून फोडवा.

त्याने नारळ फोडला की हलगी खुशाल वाजू द्या. मग कोणी काही बोलणार नाही.